सातवा भाग वाचलेली माणसं

मी एक जुना सातवा भाग आहे. पहिला नाही आणि शेवटचाही नाही, मधलाच. घरात मधल्या मुलाचं जे होतं, तेच आमच्या कुळात माझं झालं. थोरल्याचं कौतुक होतं, धाकट्याचे लाड होतात आणि मधला आपला आहे म्हणून असतो.

मित्रांनो, माझं पूर्ण नाव सांगायला मला जरा संकोच वाटतो. 'कुरोकोबुशी' नावाच्या जपानी चित्रकथेचा मी सातवा भाग. अशा चित्रकथेला जपानात मांगा म्हणतात, आणि कुरोकोबुशी म्हणजे काळी मूठ. नावावरून तुम्ही ओळखलंच असेल की मी देवाधर्माच्या गोष्टी सांगणारा नाही. माझ्या एकशे ब्याण्णव पानांत दोनशे अकरा गुद्दे आहेत, तुटलेल्या बरगड्या आहेत, आणि एक दात तर दोन पानं नुसता हवेतच आहे. खोटं कशाला बोलू? रक्तही भरपूर आहे, पण मी एकाच शाईत छापलेला असल्यामुळे ते काळं दिसतं.

गोष्ट तशी साधी आहे. हायातो नावाच्या मुलाला वाटतं, आपल्या गुरूनेच आपल्या वडिलांचा जीव घेतला. सहा भाग तो गुरूला शोधत हिंडतो, वाटेत भेटेल त्याच्याशी दोन हात करतो, आणि माझ्यात, म्हणजे सातव्यात, त्याला गुरू सापडतात. म्हातारे झालेले, बर्फात एकटे बसलेले. माझ्या शेवटच्या दोन पानांत हायातोची मूठ गुरूंच्या नाकासमोर येऊन थांबते. मग ती थरथरते. एकेक बोट सैल होतं आणि अगदी शेवटच्या चौकटीत त्याचा तळहात उघडा असतो. दोनशे अकरा गुद्दे ज्या एका न मारलेल्या गुद्द्यासाठी आहेत, तो माझ्याकडे आहे. मधला असलो तरी मला याचा अभिमान आहे.

माझा जन्म २००८ सालच्या थंडीत झाला. छापखान्यातून त्याच दिवशी माझी हजारो भावंडं बाहेर पडली, त्यामुळे बारसं वगैरे काही झालं नाही. कागद खरबरीत, वरती चकचकीत आवरण आणि आवरणाच्या कमरेला एक लाल कागदी पट्टी: 'सूड आता दारात!' ही पट्टी मला कधीच आवडली नाही. पण जन्मतःच कुणाला विचारून कपडे घालतात का?

तिथून मी गेलो फुकुशिमाच्या समुद्रकाठच्या एका लहानशा गावात. शिगाआजोबांचं तिथे केस कापायचं दुकान होतं. दोन खुर्च्या, एक लांब बाक आणि आरशाखाली पुस्तकांचं फडताळ. जपानात केस कापायच्या दुकानात मांगा ठेवायची पद्धत आहे. आपली पाळी येईपर्यंत गिऱ्हाईक वाचत बसतं. मित्रांनो, वाट पाहणाऱ्या माणसाच्या हाती पडण्यासारखं भाग्य नाही. मोठमोठ्या ग्रंथालयांतली जाडजूड पुस्तकं वर्षानुवर्षं तशीच उभी असतात. मला मात्र रोज पाच-सहा हात लागत. कोळी, टपालवाले, शाळेचे शिपाई, सगळे माझी पानं थुंकी लावून उलटत. माझ्या शिवणीत बारीक केस जाऊन बसले आणि अंगाला डोक्याच्या तेलाचा वास लागला, तो आजही आहे.

पुढे एक अडचण आली. आमच्या चित्रकाराचं मनगट दुखावलं आणि आठवा भाग लांबला. आज येईल, उद्या येईल, करता करता दोन वर्षं गेली. जो तो मला वाचून संपवी आणि आठव्याची चौकशी करी. रोजच्या रोज तेच उत्तर देऊन शिगाआजोबा कंटाळले. शेवटी त्यांनी एक पेन दोरीने बाकाला बांधलं आणि सांगितलं, ज्याचा सातवा वाचून झाला असेल त्याने शेवटच्या कोऱ्या पानावर आपलं पूर्ण नाव लिहावं, आठवा आला की नावांच्या क्रमाने कळवीन. अशी माझ्या शेवटच्या पानावर तेवीस नावं जमली. कुणाचं अक्षर मोत्यासारखं, कुणाचं मासळीच्या काट्यांसारखं. आजोबांना गिऱ्हाइकांची तोंडं पाठ, डोक्यावरचे भोवरेसुद्धा पाठ. पण पूर्ण नावं माहीत नव्हती. होडीवाला, टोफूवाली, पोस्टवाला, एवढ्यावर त्यांचं भागत असे. केस कापताना आडनाव कोण विचारतं?

मग मार्च २०११ आला. त्या दुपारी खुर्चीत सुझुकी नावाचे एक होडीवाले बसले होते आणि त्यांचे अर्धेच केस कापून झाले होते. जमीन हलू लागली. आरसे फुटले, फडताळ आडवं झालं, आणि मी इतर भागांसकट जमिनीवर पडलो. आजोबांनी आधी सुझुकींच्या गळ्याभोवतीचं कापड सोडलं आणि मग दार धरून ठेवलं. सुझुकी तसेच अर्ध्या डोक्याने बाहेर धावले. दुकान उंचावर होतं, म्हणून सुनामीचं पाणी आमच्यापर्यंत पोचलं नाही. पण दुसऱ्या दिवशी लाउडस्पीकर लावलेली गाडी आली, जवळच्या अणुवीजकेंद्रात काहीतरी बिघडल्याचं सांगत गेली, आणि तासाभरात सगळं गाव निघून गेलं. आजोबांनी कुलूप लावलं तेव्हा दोन-तीन दिवसांनी परत येऊ असंच त्यांना वाटत होतं.

पाच महिने मी जमिनीवर उपडा पडून होतो. पुस्तकाला हातपाय नसतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. पावसाची गळती माझ्यापासून वीतभर अंतरावर थांबली. त्यात माझी काहीच हुशारी नव्हती.

पाच महिन्यांनी कुलूप उघडलं. डोक्यापासून पायांपर्यंत पांढरे कपडे घातलेली दोन माणसं आत आली, आणि चालीवरून मी आजोबांना ओळखलं. बरोबर त्यांचा मुलगा होता. गावात दोनच तास थांबायची परवानगी होती आणि माणशी एकच पिशवी न्यायची होती. आजोबांनी कात्र्या घेतल्या, बायकोचा फोटो घेतला, दारापर्यंत गेले आणि परत फिरून मला उचललं. मुलगा वैतागला. घरात इतक्या वस्तू असताना ही मारामारीची चोपडी कशाला, असं त्याने विचारलं.

"यात माझी गिऱ्हाइकं आहेत," आजोबा म्हणाले.

बाहेर माझ्या अंगावरून किरणोत्सर्ग मोजणारं एक यंत्र फिरवलं गेलं. ते गप्प राहिलं, म्हणून मी सुटलो.

अशा रीतीने आम्ही टोकियोत, फुनाबोरीच्या एका सरकारी इमारतीत, चौथ्या मजल्यावर राहायला आलो. आजोबा, त्यांचा मुलगा आणि नात मिहो. पुढच्या वसंतात आठवा भाग एकदाचा निघाला. आजोबांनी तो पहिल्याच दिवशी विकत आणला, मला शेजारी उघडून ठेवलं आणि फोन हातात घेतला. गावच्या माणसांची पांगापांग झाली होती. कुणी उत्तरेला, कुणी ओसाकाला, कुणी कुठे हे कुणालाच माहीत नाही. आजोबा पालिकेच्या कचेरीत माझ्या पानावरचं नाव जसंच्या तसं वाचून दाखवत आणि पत्ता विचारत. माणूस सापडला की त्याला एवढंच सांगत की आठवा आला आहे. पलीकडचा माणूस मग बोलू लागे, आणि तास तास बोले. फोन ठेवल्यावर आजोबा त्या नावापुढे तांबड्या पेन्सिलीने एक रेघ ओढत. कधी पलीकडून वेगळीच बातमी येई. त्या दिवशी ते रेघ ओढत नसत, नुसती पेन्सिल खाली ठेवत.

सुझुकी निइगाताला सापडले. आजोबांनी त्यांना पहिला प्रश्न विचारला, उरलेले अर्धे केस कुणाकडून कापून घेतलेत? दोघेही म्हातारे फोनवर इतके हसले की मिहो आतल्या खोलीतून बघायला आली. त्या घरात मोठ्याने हसण्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

तेविसांतल्या चौदा जणांची, रेघेसह किंवा रेघेविना, काहीतरी बातमी लागली आणि नऊ नावं उरली. या पानाची झेरॉक्स काढून ठेवावी, असं मिहोचे बाबा दोनदा म्हणाले होते. पुस्तक घरातच तर आहे, मग घाई कसली, असं म्हणून ते राहून गेलं. मित्रांनो, राहून जाणं हे काही फक्त तुमच्याच घरी होत नाही.

इकडे आमच्या कुळाला बरे दिवस आले होते. कुरोकोबुशी टीव्हीवर आली. तिथे लहान मुलं बघतात म्हणून रक्त गाळलं आणि शेवटच्या गुद्द्याच्या जागी पांढरा लखलखाट दाखवला. मग सिनेमा निघाला. सिनेमावाल्यांनी विचार केला असावा की मूठ उघडताना आवाज होत नाही आणि थिएटरला आवाज लागतो. म्हणून त्यांच्या हायातोने गुरूंना सरळ ठोसा हाणला. रक्ताळलेल्या मुठीची ती पोस्टरं स्टेशनास्टेशनावर लागली. नवीन भावंडं नटाचा फोटो मिरवत दुकानांत आली. माझ्यासारख्या पिवळ्या पडलेल्याला कोण विचारतो! पण नाव सगळ्यांचं एकच, त्यामुळे त्यांची बदनामी मात्र माझ्याही वाट्याला आली.

आता मी तुम्हाला रुचाच्या घरी नेतो. रुचा मिहोच्या वर्गात होती, सहावीत. तिचे बाबा शिरीष मुंबईच्या एका बँकेतून टोकियोच्या कचेरीत बदलून आलेले; सकाळी सातला घर सोडत ते रात्री उगवत. आई सुलेखाताई जवळच्या डबे भरण्याच्या कारखान्यात दुपारपर्यंत काम करत. जपानीत अशा कामाला बाइतो म्हणतात, आणि सुलेखाताईंचं जपानी त्या बाइतोपुरतंच होतं. रुचाचं मात्र जपानी इतकं पक्कं झालं होतं की आईने मराठीत विचारलं तरी ती उत्तर जपानीत देई. सुलेखाताईंना याचं फार वाटे. आपलीच मुलगी आपल्याला समजेनाशी व्हावी, याचं कुणाला वाटणार नाही?

वर्गात मिहोशी बोलणारी एकटी रुचाच होती. ही तिकडची, फुकुशिमाची, हिच्याजवळ बसू नका, असं काही मुलं म्हणत. एकदा एका मुलाने ते जरा जास्तच मोठ्याने म्हटलं आणि रुचाने त्याला ढकलून दिलं. बाईंचा घरी फोन आला. सुलेखाताईंना त्या लांबलचक आदरार्थी जपानीतून एवढंच कळलं की आपल्या मुलीने कुणावर तरी हात टाकला. रुचाला विचारलं तर ती गप्प. घरी काही सांगायचं नाही असं तिने मिहोला वचन दिलं होतं, आणि दिलेला शब्द ती पाळत होती.

त्याच आठवड्यात मिहोने मला रुचाला वाचायला दिलं. आजोबांनीच परवानगी दिली. पुस्तक बाकावर बसलेल्या पुढच्या माणसाकडे जायलाच हवं, असं ते म्हणाले. वाचून झाल्यावर रुचाही शेवटी आपलं नाव लिहिणार होती. ती वहीत ठेवून मला रोज थोडं थोडं वाचे. मंगळवारी तिची चारच पानं उरली होती, आणि त्या चार पानांतच ती मूठ उघडते.

मंगळवारी संध्याकाळी रुचा शेजारी गेली असताना सुलेखाताईंना मी तिच्या दप्तराखाली सापडलो. स्टेशनवरचं पोस्टर त्या रोज बघत होत्या, त्यामुळे नाव त्यांनी लगेच ओळखलं. त्या पलंगावर बसल्या आणि त्यांनी मला उघडलं.

आणि मित्रांनो, इथेच घात झाला. जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचतात. तुमच्या पुस्तकाची जिथे पाठ असते, तिथे आमचं तोंड असतं. सुलेखाताई इतकी वर्षं जपानात होत्या, पण त्यांनी जपानी पुस्तक म्हणून कधी हाती घेतलं नव्हतं. त्यांनी मला मराठी पुस्तकासारखं डावीकडून उघडलं. पहिल्यांदा त्यांना दिसलं नावांचं पान. त्यांना वाटलं, कुणीतरी पेनाने आणि लाल पेन्सिलीने गिरगटून ठेवलेलं जुनं पुस्तक आहे हे. मग त्या पुढे वाचू लागल्या, म्हणजे खरं तर मागे. आधी उघडा तळहात. मग एकेक बोट मिटत गेलं. मग मूठ वळली, थरथरली, आणि शेवटी ती डोळे मिटून बसलेल्या म्हाताऱ्या गुरूच्या तोंडावर येऊन ठेपली. त्यानंतरची पानं त्यांनी बघितली, ती सगळी रक्ताचीच होती.

मला ओरडून सांगावंसं वाटलं, ताई, उलट्या बाजूने बघा, तो मारत नाहीये हो! पण पुस्तक कितीही जाड असलं तरी त्याला आवाज नसतो. मी त्यांच्या मांडीवर तसाच पडून राहिलो.

रात्री रुचा झोपल्यावर त्यांनी शिरीषना सांगितलं. ते म्हणाले, अगं, सगळीच मुलं वाचतात, आपण नव्हती का वाचली कॉमिक्स?

"आपल्या कॉमिक्समध्ये गुरूवर हात उगारत नव्हते," सुलेखाताई म्हणाल्या. "पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करायला शिकवलं मी हिला. आणि ही पुस्तकातून हे शिकतेय."

शिरीष थकलेले होते. त्यांनी विषय वाढवला नाही.

फुनाबोरीत कचऱ्याचे वार ठरलेले असतात. कुठल्या वारी काय टाकायचं, याचं वेळापत्रक प्रत्येक स्वयंपाकघरात चिकटवलेलं असतं. बुधवार कागदाचा. जुने कागद पांढऱ्या दोरीने उभे-आडवे बांधून सकाळी आठच्या आत कोपऱ्यावर ठेवायचे. सुलेखाताईंनी बँकेची माहितीपत्रकं, सेलचे कागद आणि रुचाच्या जुन्या वह्या एकावर एक रचल्या आणि मला मधोमध ठेवलं. ठेवण्याआधी त्यांनी मला कपाळाला लावलं. सवयच ती. मला दुष्ट समजणाऱ्या बाईने मला नमस्कार केला, आणि मग दोरीची गाठ करकचून मारली.

त्यांच्या मनात मला मारायचं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. गाठ मारताना त्या पुटपुटल्या, जाईल कुणाकडे तरी. लहानपणी त्यांनी गिरगावातल्या रद्दीच्या दुकानातून कितीतरी कादंबऱ्या आणून वाचल्या होत्या. रद्दी म्हणजे त्यांच्या लेखी पुस्तकाचं दुसरं घर. इथे रद्दीचा लगदा होतो, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

बुधवारी सकाळी सात वाजता मी कोपऱ्यावर होतो. थोड्या वेळाने इमारतीचा राखणदार आला. तो शिस्तीचा माणूस. त्याने सगळे गठ्ठे नीट रचून ठेवले, आणि आमचा गेला तळाशी. माझ्या पाठीचा एक बोटभर भाग तेवढा बाहेर दिसत होता.

आठला पाच कमी असताना रुचा आली. मिहो तिथे तिची वाट बघत होती, रोज दोघी तिथूनच एकत्र जात. माझ्यापासून दोन हातांवर उभी राहून रुचाने तिला सांगितलं की पुस्तक सापडत नाही, सगळं घर शोधलं. मिहोने दप्तराचे पट्टे वर ओढले. मग म्हणाली, "दाइजोबु." म्हणजे, काही हरकत नाही. हा शब्द इथले लोक हरकत नसताना वापरतात आणि असतानाही वापरतात. मिहोचा चेहरा बघितल्यावर कुठला अर्थ आहे ते विचारावं लागलं नसतं.

तेवढ्यात रुचा विसरलेली पाण्याची बाटली घेऊन सुलेखाताई खाली आल्या. मुलगी रडतेय हे बघून त्यांनी काय झालं म्हणून विचारलं. आणि किती महिन्यांनी कोण जाणे, रुचा मराठीत बोलली. मिहोला कळू नये म्हणून.

"आई, मिहोच्या आजोबांचं पुस्तक माझ्याकडून हरवलं. त्याच्यात शेवटी नावं आहेत. ती सगळी वाचलेली माणसं आहेत."

"वाचलेली म्हणजे? सुनामीतून?"

"नाही, पुस्तक वाचलेली." रुचा अडखळली. तिला मराठीत नीट शब्द मिळेनात. "पण आजोबा तेच बघतात ना, कोण वाचलंय ते. एकेकाला फोन करून. नऊ जण राहिलेत. त्यांची नावं दुसरीकडे कुठेच लिहिलेली नाहीत."

मित्रांनो, मराठीत वाचणं या एकाच शब्दात दोन्ही गोष्टी मावतात, हे मला त्या दिवशी कळलं. सुलेखाताईंनाही बहुधा त्याच दिवशी कळलं. त्यांनी रुचाच्या हातात बाटली दिली, मिहोच्या खांद्यावर हात ठेवला आणि कशाबशा म्हणाल्या, "तुम्ही शाळेत जा. मी बघते."

मी टाकलं, असं मात्र त्यांच्याने बोलवलं नाही. मी त्यांना दोष देत नाही.

मुली वळणाआड गेल्या आणि सुलेखाताई रस्त्यावर गुडघे टेकून बसल्या. चाळीसेक गठ्ठे होते, सगळ्यांची दोरी सारखीच पांढरी, एकाच दुकानातली. त्या एकेक उचलून कडा बघू लागल्या. वर्तमानपत्रं, मासिकं, खोक्यांचे पुठ्ठे. एका गठ्ठ्याची गाठ त्यांना आपली वाटली. ती सोडताना नख तुटलं, आत दुसऱ्याच कुणाच्या पाककृती निघाल्या. मी त्यांच्या उजव्या गुडघ्याजवळ होतो. तिथे, ताई, तिथेच! पण माझं कोण ऐकणार?

गाडी आली. दोघे जण उतरले आणि झपाट्याने गठ्ठे आत टाकू लागले. सुलेखाताई उठून म्हणाल्या, थांबा, कृपा करून थांबा. एवढं जपानी त्यांना येत होतं. त्यातल्या वयस्काने टोपी काढून विचारलं, काय हरवलं आहे? "होन," त्या म्हणाल्या. होन म्हणजे पुस्तक. त्याने गाडीत बघितलं. गाडीत सगळी पुस्तकंच होती. कसलं, केवढं, कुठल्या रंगाचं, तो अदबीने विचारत राहिला. ताईंना शब्द सुचेनात. मुलीचं, एवढंच त्या म्हणू शकल्या. तरी त्याने त्यांना हात घालून शोधू दिलं.

गाडीमागे सामान पोचवणारी एक मोटार येऊन थांबली. तिच्यामागे सायकलवर मूल बसवलेली एक बाई. कुणी हॉर्न वाजवला नाही, कुणी काही बोललं नाही. वाजवला असता तर बरं झालं असतं. सुलेखाताई मुंबईच्या, त्या कडकडून भांडल्या असत्या आणि सगळी गाडी रिकामी करायला लावली असती. पण ती माणसं नुसती थांबली होती. आपल्यामुळे दुसऱ्याचा खोळंबा होऊ द्यायचा नाही, हे या देशाने त्यांना तीन वर्षांत शिकवलं होतं, आणि त्या शिकल्याही होत्या. त्यांचा हात माझ्या वरच्याच गठ्ठ्यावर होता. तो त्यांनी मागे घेतला. त्या बाजूला झाल्या, कमरेत वाकल्या आणि म्हणाल्या, "सुमिमासेन." माफ करा.

गाडी निघाली.

त्या दिवशी संध्याकाळी त्या घरात काय झालं, मला ठाऊक नाही. सुलेखाताईंनी रुचाला खरं सांगितलं का, मिहोकडे जाऊन आल्या का, आजोबा काय म्हणाले, यातलं काहीच मला कळायचा मार्ग नाही. मी आता योकोहामाच्या वाटेवरल्या एका मोठ्या आवारात आहे. इथे कागदांचे डोंगर आहेत. एकेक ठोकळा पाण्यात जातो आणि पाण्यात शाई उतरते. आमच्या रांगेचा नंबर उद्या आहे, असं इथली माणसं बोलत होती.

मला स्वतःबद्दल फारसं काही मागायचं नाही. दोनशे अकरा गुद्दे धुऊन गेले तर जगाचं काही बिघडणार नाही. मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे की कुठलंही पुस्तक टाकण्याआधी ते एकदा दुसऱ्या बाजूनेही उघडून बघा. कुणाचं आहे ते विचारा. आणि आता हाताशी कागद असेल तर घ्या, कारण मी तुम्हाला ती नऊ नावं सांगणार आहे. म्हणूनच तर एवढा वेळ बोलत होतो.

सुएको इगारी. टोफू विकायच्या. नातवाचे केस कापायला आणत आणि स्वतःच वाचत बसत.

कात्सुमी एन्दो. मासळीचा ट्रक चालवत, हात धुऊन मगच मला घेत.

मासारु योशिदा आणि मिनोरु योशिदा. सख्खे भाऊ, एकमेकांशी बोलत नव्हते. पण धाकट्याने थोरल्याच्या बरोबर खालीच नाव लिहिलं.

हिदेओ वातानाबे. शाळेत घंटा वाजवायचे.

तोमोको सातो. दवाखान्यातल्या परिचारिका. रक्ताची पानं आली की हसायच्या.

शिन्जी नेमोतो. आपल्याला लवकर कळवावं म्हणून यांनी नाव दोनदा लिहिलंय, ते एकदाच धरा.

कियोशी ओवादा. टपाल वाटत. पावसात आले की मला पिशवीत घालून वाचत.

नववं नाव अर्धंच आहे. सहा-सात वर्षांची मुलगी होती. तिने 'यु' एवढंच लिहिलं, आईची हाक आली आणि ती पेन टाकून पळाली. युका असेल, युको असेल, युमी असेल. ती हाक दाराशी उभ्या असलेल्या शिगाआजोबांनीच नीट ऐकली, म्हणून पुढचं अक्षर फक्त त्यांना माहीत आहे. ते एक्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांना लवकर विचारा.